पाणंदीचा पाया

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

गेल्या हंगामांत उसाची तोड ऐन भरांत असतां अवेळीं दोन दिवस पाऊस झाला, आणि आमच्या शिवारांतील पाणंदींत दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर आंसापर्यंत रुतला. त्यास ओढावयास दुसरा आणला, तो पहिल्याच्या शेजारीं रुतला. तिसऱ्या दिवशीं ट्रॉल्या रित्या कराव्या लागल्या व मोळ्या डोक्यावरून सडकेपर्यंत न्याव्या लागल्या. तोंवर तोडलेल्या उसाचें वजन किती घटलें, टोळीचा खोळंबा किती झाला आणि मागल्या सहा खातेदारांची तोड किती लांबली, याचा हिशेब ज्याचा त्यानें केलाच असेल. विशेष हें कीं, याच पाणंदीवर दोनच वर्षांपूर्वीं मुरूम पडला होता. त्याचीं मापें झालीं होतीं, बिल निघालें होतें आणि नारळहि फुटला होता. मग तो मुरूम गेला कोठें? पाऊस उघडल्यावर मीं पहार घेऊन खणून पाहिलें. मुरूम चोरीस गेला नव्हता. वीतभर काळ्या चिखलाखालीं तो मातींत कालवलेला सांपडला.

या मासिकाच्या बहुतेक वाचकांस आपापल्या गांवचा असाच एखादा दाखला आठवेल. अशा वेळीं आपण ठेकेदारास दोष देतों, आणि कित्येकदां तो रास्तहि असतो. परंतु माझें मत असें बनलें आहे कीं, पुष्कळ ठिकाणीं चूक मुरूम टाकणाऱ्याच्या हातांत नसून मऊ जमिनीवर कठीण वस्तु पसरली म्हणजे रस्ता झाला, या समजुतींतच आहे. गाडीचा भार शेवटीं खालची जमीनच पेलते. ती जमीन कोरडी ठेवण्याची व घट्ट करण्याची तजवीज आधीं केल्यावांचून पाणंदीवर एक ब्रासहि मुरूम टाकूं नये, हें मला या लेखांत सुचवावयाचें आहे.

मी इंजिनियर नव्हें. माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि सारी नोकरी तहसील कचेरीच्या दप्तरांत गेली. परंतु वाटांच्या तंट्यांचीं प्रकरणें मीं पुष्कळ हाताळलीं. वाट अडविल्याच्या तक्रारी सन १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या पांचव्या कलमाखालीं येत. बांधावरून नवी वाट मागणारे अर्ज सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखालीं येत. गांवनकाशा उलगडावयाचा, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट व एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट हें पक्षकारांस दाखवावयाचें, पंचनामा करावयाचा आणि अतिक्रमण निघालें कीं प्रकरण निकालीं काढावयाचें, हा आमचा क्रम. रेषा मोकळी झाली म्हणजे वाट झाली, असें मलाहि तेव्हां वाटे. त्या रेषेखालची जमीन भरलेली गाडी पेलील कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि कलमांत लिहिलेला नाहीं. म्हणून तो आम्हीं कधीं विचारला नाहीं, आणि गांवकऱ्यांनींहि विचारला नाहीं.

मोठ्या रस्त्यांचा विचार या देशांत फार दिवस चालत आला आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं सन १९२७ मध्यें रस्त्यांसंबंधीं समिति नेमली गेली. सन १९४३ मध्यें नागपुरास मुख्य इंजिनियरांची परिषद भरून जी योजना झाली, तींत शेतीप्रधान प्रदेशांतील कोणतेंहि गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून अधिक दूर राहूं नये, असें धोरण ठरलें. पुढें सन २००० मध्यें प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली व पुष्कळ गांवें डांबरी सडकेस जोडलीं गेलीं. सन २०२१ मध्यें राज्य सरकारनें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना काढून शेतापर्यंतच्या वाटेकडे लक्ष दिलें, याबद्दल शेतकऱ्यांनीं कृतज्ञच असलें पाहिजे. तथापि पांच मैलांचा हिशेब पुरा होऊन शेवटचा अर्धा मैल राहिला आहे, आणि माल अडतो तो याच अर्ध्या मैलांत.

आतां ही जमीन कशी आहे तें पाहूं. आपल्या वाडवडिलांनीं वस्ती पांढरीवर केली आणि पीक काळींत घेतलें, हें उगीच नव्हे. काळींत भिंत उभी केली तर ती तडकते, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली आहे व तींत माँटमोरिलोनाइट नांवाच्या चिकणमातीचा अंश मोठा असतो. या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्यें शिरलें कीं माती फुगते; उन्हाळ्यांत तें निघून गेलें कीं ती आकसते आणि हात हात खोल भेगा पडतात. पिकास हा गुण वरदान आहे. ओल धरून ठेवणारी हीच माती पाऊस सरल्यावरहि रब्बीची ज्वारी पोसते. परंतु जो गुण मुळांस तारक तोच चाकांस मारक.

रस्त्यांचे इंजिनियर जमिनीचें बळ सी. बी. आर. नांवाच्या परीक्षेनें मोजतात. दाबून बसविलेली माती चार दिवस पाण्यांत बुडवून ठेवतात व मग तींत ठराविक जाडीचा दट्ट्या रोंवावयास किती जोर लागतो तें पाहतात. उत्तम खडीचें बळ शंभर धरलें तर भिजलेल्या काळ्या मातीचें बळ बहुधा दोन-तीन भरतें, कधीं त्याहूनहि कमी. हीच माती कोरडी असतां कितीतरी अधिक भार सोसते. वैशाखांत याच पाणंदीवरून ट्रॉल्या धूळ उडवीत जातात, हें आपण पाहतोंच. ज्याच्या नांवानें खडीचे रस्ते आजहि ओळखले जातात, त्या जॉन मॅकॅडम या स्कॉच गृहस्थानें (१७५६–१८३६) हेंच तत्त्व मांडलें होतें : वाहनाचा भार मूळ जमीनच पेलते, आणि ती कोरडी राहिली तर बसत नाहीं, वरच्या खडीचें मुख्य काम म्हणजे त्या जमिनीवर छप्पर धरणें. आपण छप्पर विकत आणतों आणि घरांत खालून पाणी येऊं देतों.

ओल्या काळ्या मातीवर मुरूम किंवा खडी पसरली म्हणजे काय होतें? चाकाचा दाब पडतांच लोण्यासारखी माती खडीच्या फटींतून वर चढते आणि खडी मातींत खालीं उतरते. दरेक खेपेस थोडें थोडें असें होत होत एका पावसाळ्यांत दोन्ही एक होतात. त्यांतून आजचा भारहि पूर्वींचा राहिला नाहीं. आमच्या लहानपणीं पाणंदींतून दीड-दोन टनांची बैलगाडी जाई. आज दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वीस टनांवर भार ओढतो. सन १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यांतून असें अनुमान निघालें कीं, आंसावरचा भार दुप्पट झाला म्हणजे रस्त्याची नासाडी सुमारें सोळापट होते. हा नियम पक्क्या सडकांचा खरा. परंतु कच्च्या पाणंदीचा निभाव त्याहून बरा लागेल, असें मानण्यास कांहीं आधार दिसत नाहीं.

हिशेबाची मला संवय आहे, म्हणून एक हिशेब मांडतों. एक किलोमीटर लांब व तीन मीटर रुंद पाणंदीवर तीस सेंटिमीटर जाडीचा मुरूम घालावयाचा तर दाबून बसलेला नऊशें घनमीटर, म्हणजे सुमारें ३१८ ब्रास लागतो. त्यांतला निम्मा जरी चिखलानें गिळला, तरी १५९ ब्रास मुरूम कोणाच्याहि उपयोगीं न पडतां मातींत गेला. जो मुरूम मातींत गेला त्याच्यासाठीं कोणती तरी टेकडी खणली गेली, हेंहि विसरतां येत नाहीं.

म्हणून पहिलें काम पाण्याचें. पाणंद बाजूच्या शेतांच्या बरोबरीनें किंवा त्यांहून खोल असेल तर ती पाणंद राहत नाहीं, ओढा होते. तिची पाठ उंच करावी, मध्यापासून कडेपर्यंत दर मीटरास चार सेंटिमीटर तरी उतार द्यावा, आणि दोन्ही अंगांस चर काढावे. चर काढला म्हणजे पुरें झालें असें नाहीं. त्याचें पाणी शेवटीं कोणत्या ओढ्यास किंवा नाल्यास मिळावयाचें, हें आधीं ठरलें पाहिजे, नाहीं तर तो चर म्हणजे पाणंदीच्या पायाशीं बांधलेला लांबट हौद होतो. जेथें पाणी पाणंद ओलांडतें तेथें सिमेंटचे नळ घालावे. उजनीच्या कालव्याखालील गांवांत तर पाझरामुळें जमिनीची ओल बारमाही असते. तेथें साचणाऱ्या पाण्याच्या कमाल पातळीहून रस्त्याचा पाया निदान दोन फूट वर राहील, अशी भर आधीं घातली पाहिजे.

येथें मला एक कबुली देणें भाग आहे. ज्या ठिकाणीं तो ट्रॅक्टर रुतला, त्याच्या उत्तर अंगास माझेंच शेत आहे. तेथें पूर्वीं चर होता. माझ्या चुलत्यांनीं तो दर वर्षीं मृगापूर्वीं साफ करविल्याचें मला आठवतें. त्यांच्या मागें शेत माझ्याकडे आलें. मीं पहिल्या वर्षीं तो उपसला नाहीं, दुसऱ्या वर्षीं त्याच्या कडेवर नांगर घातला आणि तिसऱ्या वर्षीं तेथें उसाच्या दोन सऱ्या वाढविल्या. ज्यानें आयुष्यभर इतरांच्या अतिक्रमणांचे पंचनामे लिहिले त्यानें हें केलें. दोन सऱ्यांत मला जें मिळालें तें त्या तीन दिवसांत सहा घरांनीं गमावलेल्या मालापुढें कांहींच नव्हे. या उन्हाळ्यांत मीं तो चर पुन्हां काढला आहे. पाणंदीकडेच्या प्रत्येक खातेदारानें आपल्या बांधाशीं उभें राहून पूर्वींचा चर कोठें गेला, हें एकदां स्वतःस विचारावें, एवढीच माझी विनंति आहे.

दुसरें काम मातीचें. जेथें काळीचा थर हात-दीड हातच असून खालीं मुरूम लागतो, तेथें सर्वांत सोपा उपाय म्हणजे रस्त्याच्या रुंदीपुरती काळी काढून शेतांत पसरावी आणि खालच्या मुरुमावरून चांगल्या मुरुमाची भर घालीत यावें. काळीचा थर खोल असेल तर असें करणें परवडत नाहीं. तेथें वरच्या अर्ध्या फूट मातींत मुरूम, वाळू किंवा क्रशरची कच नांगरून चांगली मिसळावी. चिकणमातीस खर मिळाली म्हणजे तिचा चिकटपणा व फुगवटा कमी होतो. यावर आणखी मुरूम घालण्यापूर्वीं कचेचा चार-सहा इंचांचा थर द्यावा, म्हणजे खालची माती वर चढण्यास अडते. हेंच अडविण्याचें काम कापडासारख्या विणलेल्या जिओटेक्स्टाइलनें होतें, व काथ्याच्या जाळीनेंहि होतें. काथ्या कांहीं वर्षांनीं कुजतो खरा, पण तोंवर वरची भर दाबून बसलेली असते.

दाबण्याविषयीं शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाहीं. त्यास वाफसा कळतो. अगदीं कोरडी माती दाबली तर तिचे कण एकमेकांस धरीत नाहींत. फार ओली दाबली तर पाणीच भार घेतें आणि माती रबरासारखी हलते. या दोहोंच्या मध्यें एक ओल अशी असते कीं, तिच्यांत कमीत कमी श्रमानें माती जास्तींत जास्त घट्ट बसते. प्रयोगशाळा ती ओल आंकड्यांत सांगते. भर अर्ध्या फुटाच्या थरांनीं घालावी व प्रत्येक थर रुळानें, जेथें रूळ पोहोंचत नाहीं तेथें धुम्मसानें, दाबावा. दीड फूट ढिगारा एकदम ओतून त्यावरून जेसीबी दोनदां फिरविणें याला दाबणें म्हणत नाहींत. वरचे चार बोटें तेवढें घट्ट होतें आणि खालीं पोकळी राहते. पहिला पाऊस ती पोकळी शोधून काढतो.

तिसरें काम चुन्याचें, आणि खोल काळीच्या प्रदेशांत मला याचीच सर्वांत अधिक आशा वाटते. चुना मातींत मिसळला म्हणजे दोन क्रिया होतात. पहिली कांहीं तासांतच होते : चुन्यांतील कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यांस चिकटतें, बारीक कण एकत्र येऊन रवाळ होतात, आणि चिकटून बसणारी माती हातांत भुसभुशीत लागूं लागते. दुसरी सावकाश, महिनोनमहिने चालते : चुना व मातींतील सिलिका यांचा संयोग होऊन सिमेंटासारखें बंधन तयार होतें. प्रमाण बहुधा कोरड्या मातीच्या वजनाच्या शेंकडा तीन ते सहा असतें. वर सांगितलेल्या एक किलोमीटर पाणंदींत पंधरा सेंटिमीटर खोलीची माती चुन्यानें बांधावयाची तर ती माती ४५० घनमीटर, दर घनमीटरास कोरडें वजन दीड टन धरून ६७५ टन. तिला शेंकडा चार प्रमाणें २७ टन चुना लागेल. शंभर मीटरांस दोन टन सातशें किलो. खर्च लहान नाहीं. परंतु मातींत जाणाऱ्या १५९ ब्रास मुरुमाचा दर व वाहतूक यांशीं तो ताडून पाहावा आणि मग बोलावें.

चुन्याचे नियम मात्र पाळले पाहिजेत. चुना ताजा हवा. उघड्यावर महिनोनमहिने पडलेला चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हां चुनखडी होतो व निरुपयोगी ठरतो. तो मिसळून, पाणी मारून एक दिवस मुरूं द्यावा, मग पुन्हां उलथून दाबावा आणि सात दिवस ओलसर ठेवावा. काम पावसाळ्यापूर्वीं निदान महिनाभर संपलें पाहिजे. मुरमाड जमिनींत चिकणमाती थोडी असल्यामुळें चुन्याचा फारसा गुण येत नाहीं. तेथें थोडें सिमेंट अधिक उपयोगी पडतें. जेथें चोपण जमिनीस जिप्सम दिलें आहे, किंवा मातींत सल्फेटचे क्षार आहेत, तेथें चुना घालण्यापूर्वीं माती अवश्य तपासून घ्यावी. चुना व सल्फेट एकत्र आले म्हणजे माती घट्ट होण्याऐवजीं उलट फुगून रस्ता उखडण्याचें भय असतें. आणि चुना हाताळणाऱ्या मजुरांचे डोळे व हात झांकलेले असावे, हें सांगावयास नको.

आपली माती किती फुगते हें पाहण्याची एक परीक्षा घरींहि करतां येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनें चाळावी. शंभर मिलिलिटरच्या खुणा असलेल्या कांचेच्या दोन नळ्या घेऊन प्रत्येकींत दहा ग्रॅम माती टाकावी. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल भरावें, ढवळून चोवीस तास ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं. रॉकेलांतल्या थरापेक्षां पाण्यांतला थर दीडपटीहून अधिक चढला, तर ती माती रस्त्यास फार वाईट समजावी. मग त्याच मातींत शेंकडा चार चुना ओल्यानें मिसळून, दोन दिवस मुरवून व वाळवून तीच परीक्षा पुन्हां करावी. हीं दोन उत्तरें ग्रामसभेपुढें ठेवलीं तर माझ्या या सबंध लेखाहून त्यांचा परिणाम अधिक होईल.

आतां टाकाऊ वस्तूंचा विचार. आपल्या जिल्ह्यांत राखेचे डोंगर आहेत आणि मुरुमाच्या टेकड्या संपत चालल्या आहेत. तेव्हां एकाच्या जागीं दुसरी वस्तु वापरावी, हें सूचणें स्वाभाविक आहे. सोलापूरजवळ फताटेवाडीस औष्णिक वीजकेंद्र आहे. राज्यांत परळी, भुसावळ, पारस, कोराडी, चंद्रपूर येथेंहि आहेत. केंद्र सरकारनें ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनें अशा केंद्रांवर राखेचा शंभर टक्के उपयोग करण्याचें बंधन घातलें. दगडी कोळशाच्या या राखेंत सिलिका व अल्युमिना विपुल असतात, पण आपल्या कोळशाच्या राखेंत चुना अल्प असतो. म्हणून ती एकटी बांधत नाहीं, चुन्याच्या जोडीनें बांधते. या जोडीनें चुन्याचा खर्चहि कांहींसा हलका होतो. मात्र राख उडते व तींत विषारी धातूंचा अंश असूं शकतो. ती ओली करून आणावी, मातीच्या थराखालीं पुरती झांकावी, आणि विहिरीजवळ किंवा पाणथळ जागीं मुळींच घालूं नये. साखर कारखान्यांतील चिपाडाच्या राखेंतहि सिलिका असते. तिचा उपयोग चुन्याबरोबर होऊं शकतो, परंतु अर्धवट जळलेल्या काळ्या राखेंत कोळसाच अधिक असल्यानें दरेक कारखान्याची राख तपासल्यावांचून तिच्यावर भरंवसा ठेवूं नये.

पाडलेल्या इमारतींचा राबिट हा दुसरा मोठा सांठा. सन २०१६ मध्यें त्याच्या व्यवस्थेचे नियम केंद्र सरकारनें केले, आणि सन २०१७ मध्यें इंडियन रोड्स काँग्रेसनें रस्त्यांत त्याचा उपयोग कसा करावा याविषयीं मार्गदर्शिका काढली. फोडलेलें काँक्रीट चाळून घेतलें तर तें पायाच्या थरास उत्तम. विटांचा चुरा खालच्या थरांत चालतो. वर घातला तर चाकाखालीं त्याचें पीठ होतें. डांबरी सडका खरवडून निघालेली खडी तर पाणंदीस फारच उपयोगी असते. ती रस्त्याकडेस पडून राहूं न देतां ग्रामपंचायतींनीं मागून घ्यावी.

परंतु वस्तु टाकाऊ आहे एवढ्यानें ती पाणंदींत टाकावयास मोकळीक मिळत नाहीं. आमच्या भागांत एका पाणंदीवर शहरांतील राबिट न निवडतां ओतल्याचें मीं पाहिलें. त्यांत सळयांचे तुकडे, कांचा, प्लॅस्टिकच्या पिशव्या व सिमेंटचे फुटके पत्रे होते. बैलाच्या खुरांत व ट्रॅक्टरच्या टायरांत सळ्या शिरल्या. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतें आणि त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे, हें त्या ओतणाऱ्यास कोणी सांगितलें नव्हतें. प्लॅस्टिकच्या रस्त्यांविषयींहि असाच गैरसमज आहे. मदुरेचे प्राध्यापक वासुदेवन् यांनीं जी रीति काढली तींत तुकडे केलेलें प्लॅस्टिक तापलेल्या खडीवर वितळवून मग डांबर मिसळतात; ती वरच्या डांबरी थराची रीति आहे. पिशव्या मातींत पुरल्यानें जमीन बळकट होत नाहीं. उलट दोन थरांच्या मध्यें घसरण होते आणि पहिल्या वाहळाबरोबर त्या शेजाऱ्याच्या शेतांत जातात. शहरानें आपला उकिरडा आपल्या शिवारांत पुरावा आणि त्यास रस्त्याचें नांव द्यावें, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं चालूं देऊं नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, पाणंदीसारख्या क्षुद्र वाटेस एवढा खटाटोप कशास? उत्तर असें कीं, क्षुद्र वाटेवरच निधि थोडा असतो, म्हणून तो वायां जाऊं देणें तिलाच कमी परवडतें. दुसरा आक्षेप असा कीं, हें सरकारचें काम आहे. खरें आहे, परंतु सरकारी अंदाजपत्रकांत काय मागावयाचें हें ग्रामसभा ठरविते, आणि आपण आजवर मुरूमच मागत आलों. चर मागितला नाहीं, मातीची परीक्षा मागितली नाहीं. मागितलें असतें तर नाकारलें गेलें असतें, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस अद्याप आलेला नाहीं.

माझी सूचना अशी आहे. आपल्या संस्थेनें येत्या उन्हाळ्यांत सभासदांच्या संमतीनें खोल काळीची एक पाणंद निवडावी. तिच्या दोन्ही अंगांचे चर खातेदारांनीं आपल्या खर्चानें व आपल्या जागेंत काढून द्यावे. जेथें खातेदार चर देत नाहींत ती पाणंद निवडूंच नये. जवळच्या तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतून मातीची परीक्षा करवून घ्यावी. मग शंभर शंभर मीटरांचे तीन तुकडे करावे : एकावर नेहमींप्रमाणें नुसता मुरूम, दुसऱ्यावर माती-मुरूम मिसळून व कचेचा थर देऊन मुरूम, तिसऱ्यावर चुना व राख यांनीं बांधलेली माती आणि तीवर पातळ मुरूम. तिन्हींचा खर्च निरनिराळा लिहावा. दोन पावसाळे व दोन गळीत हंगाम जाऊं द्यावे, प्रत्येक तुकड्यांत चाकोरी किती खोल पडली तें दर महिन्यास मोजावें, आणि तो तक्ता या मासिकांत छापावा. माझें म्हणणें खोटें ठरलें तर तेंहि त्याच तक्त्यांत दिसेल, आणि मला त्याचें वाईट वाटणार नाहीं. मोजणीचें व नोंदींचें काम मी विनामूल्य करीन. दप्तर ठेवण्याखेरीज दुसरें कांहीं मला येत नाहीं, पण तें बरें येतें.

आपण पेरणीपूर्वीं जमीन तयार करतों. न नांगरलेल्या जमिनींत उत्तम बियाणें फेंकणारास आपण शेतकरी म्हणत नाहीं. रस्त्याच्या बाबतींत मात्र आपण दर वर्षीं हेंच करतों आणि पीक आलें नाहीं म्हणून बियाणें विकणाऱ्याशीं भांडतों. मृगास अजून अवकाश आहे. कुदळ घेऊन प्रत्येकानें आपल्या बांधाच्या चरापासून आरंभ करावा. त्यासाठीं कोणाच्या मंजुरीची वाट पाहावयाची नाहीं.